आंद्रे सित्रोएन

आंद्रे गुस्ताव्ह सित्रोएन (५ फेब्रुवारी, १८७८ – ३ जुलै, १९३५) हे फ्रेंच अभियंते व मोटार उद्योजक होते. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणारी मोटार मोठ्या प्रमाणावर तयार करून विकणाऱ्या आरंभीच्या कारखानदारांत त्यांची गणना होते. या मोटारीमुळे त्यांचे नाव टिकले. कारखाना मात्र तिच्यापायीच हातचा गेला.

पूर्वायुष्य

सित्रोएन यांचा जन्म पॅरिसमधील ज्यू कुटुंबात झाला. वडील डच हिरेव्यापारी होते, तर आई मूळची वॉर्सा येथील होती. आंद्रे सहा वर्षांचे असताना वडिलांनी आत्महत्या केली. एकोल पॉलितेक्निक या संस्थेत शिक्षण झाल्यावर पोलंडच्या प्रवासात त्यांच्या पाहण्यात कोनाकृती दाते असलेली दंतचक्रे आली. त्यांचे हक्क विकत घेऊन त्यांनी पॅरिसमध्ये दंतचक्रांचा कारखाना काढला. कंपनीचे दुहेरी कोनांचे बोधचिन्ह या दातांवरूनच आले.

मोटार उद्योग

पहिल्या महायुद्धात त्यांनी सेन नदीकाठी जाव्हेल येथे तोफगोळ्यांचा प्रचंड कारखाना उभारला. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये तेथूनच ‘टाइप ए’ ही मोटार बाहेर पडली. हेन्री फोर्ड यांची उत्पादनपद्धती त्यांनी युरोपात रुजवली. जाहिरातीचे तंत्र त्यांच्याइतके फार थोड्यांना साधले. १९२५ पासून आयफेल मनोऱ्यावर त्यांचे नाव विजेच्या दिव्यांनी झळकत असे. मागे चाकांऐवजी रबरी पट्टे लावलेल्या त्यांच्या मोटारींनी सहारा वाळवंट ओलांडले. १९३१-३२ च्या आशिया मोहिमेतील एक तुकडी तर श्रीनगरहून गिलगिटच्या बिकट वाटेने गेली होती.

त्राक्सिओं आव्हां

१९३४ मध्ये आलेल्या या मोटारीच्या नावाचा अर्थच ‘पुढून ओढ’ असा आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारी जर्मनीत याआधीच निघाल्या होत्या. मात्र स्वतंत्र चासीऐवजी एकसंध पोलादी सांगाडा, द्रवदाबाचे ब्रेक आणि पुढची ओढ यांचा असा मेळ नवा होता. आंद्रे लफेव्र व फ्लामिनियो बेर्तोनी यांनी ती घडवली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा नसल्याने गाडी जमिनीलगत बसली व वळणावर स्थिर राहू लागली.

जाव्हेलचा कारखाना नुकताच नव्याने बांधला होता आणि कर्ज वाढले होते. धनको थांबायला तयार नसल्याने मोटार घाईने बाजारात आणली गेली. पुढच्या चाकांना जोर पोहोचवणारे सांधे आरंभी वरचेवर निकामी होत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले. सर्वांत मोठा धनको मिशलॅं ही टायर कंपनी होती. तिनेच कारखाना ताब्यात घेतला. काही महिन्यांतच पोटाच्या कर्करोगाने सित्रोएन यांचे निधन झाले. ज्या मोटारीमुळे ते बुडाले, ती पुढे १९५७ पर्यंत तयार होत राहिली.

टायरांवरील परिणाम

मिशलॅंने १९४९ मध्ये विक्रीस आणलेले रेडियल टायर या मोटारीलाही बसवले जाऊ लागले. भारतात पुढच्या चाकांवरील मोटार घरोघरी पोहोचली ती १९८३ च्या मारुती ८०० पासून. अशा गाडीत ओढणे, वळवणे, इंजिनाचे वजन पेलणे आणि ब्रेकचा बराचसा भार सोसणे ही कामे पुढच्याच टायरांवर पडतात. मागचे टायर बहुतांशी नुसते मागून येतात. त्यामुळे पुढची जोडी लवकर झिजते. झीज सारखी राहावी म्हणून साधारण ८,००० ते १०,००० किलोमीटरनंतर टायरांची जागा बदलतात. पुढचे टायर त्याच बाजूला मागे जातात, तर मागचे तिरपे, म्हणजे डावा उजवीकडे व उजवा डावीकडे, पुढे येतात. कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेल्या टायरांची बाजू बदलत नाहीत. ते फक्त पुढे-मागे होतात. बदलानंतर हवेचा दाब नव्या जागेप्रमाणे ठेवावा लागतो. पुढची जोडी पार झिजली असेल तर ती मागे टाकणे धोक्याचे असते, कारण ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरतो. म्हणून दोनच टायर नवे घेतल्यास ते मागे बसवण्याची शिफारस केली जाते.