सरखेलांचा दस्तक

बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला समुद्र भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. सरहद्द म्हणजे काय, हे मात्र या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते आणि शेजारचा अहमदनगर जिल्हा इंग्रजी अमलाखाली होता. माल घेऊन निघालेल्या बैलगाडीला करोडगिरीच्या नाक्यावर थांबून महसूल भरावा लागे. जमिनीवर असे नाके उभारता येतात, कारण गाडीवाट तेथूनच जाते. समुद्रावर वाट आखलेली नसते. मग तीनचार सत्तांच्या सामाईक पाण्यातून जाणारे जहाज कोणी अडवावे आणि कोणाच्या कागदावर सोडावे? अठराव्या शतकाच्या आरंभी याच प्रश्नाने कोकणचा किनारा धगधगत ठेवला होता, आणि त्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी उभे होते सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत सुवर्णदुर्गावर होते, त्यामुळे मुलाचे बालपण खाऱ्या वाऱ्यातच गेले. १६८९ मध्ये संभाजीराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीस गेले. त्या पडत्या काळात किनारा ज्यांनी राखला त्यांत हा तरुण होता. १६९८ मध्ये सिधोजी गुजर निवर्तल्यावर मराठ्यांच्या आरमाराची धुरा त्यांच्याकडे आली.

हा किनारा एका धन्याचा नव्हता. मुंबईत इंग्रज होते. वसई, चौल आणि गोवा येथे पोर्तुगीज. जंजिऱ्यास सिद्दी, जो मोगलांचा आरमारप्रमुख म्हणवीत असे. मुंबई बंदराच्या तोंडाशी थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. त्यांपैकी खांदेरी कान्होजींची, उंदेरी सिद्दीची. अंतर इतके थोडे की एकाने तोफ डागली तर दुसऱ्याच्या तटाला ती जाणवावी. पावसाळा सरला आणि नारळी पौर्णिमा झाली की या चिंचोळ्या पाण्यातून सुरत, मुंबई, मलबारची व्यापारी गलबते किनारा धरून ये-जा करू लागत.

कान्होजींनी या वाहतुकीला एक नियम लावला. त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, मोल देऊन घ्यावा. दस्तक असलेल्यास अभय. नसलेले जहाज धरून बंदरात आणले जाई आणि माल जप्त होई. यात त्यांनी नवे असे काहीच काढले नव्हते. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हेच करीत आले होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. त्यावर जहाज, नाखुदा, शस्त्रे, माल आणि मुक्काम यांची नोंद असे. इंग्रजही देशी व्यापाऱ्यांना आपले परवाने देत. फरक एवढाच की हे दोघे जे करीत त्याला त्यांच्या कागदपत्रांत हक्क म्हटले गेले आणि कान्होजी जे करीत त्याला चाचेगिरी. आपल्याकडील काही पुस्तकांनी तोच शब्द पुढे गिरवला, हे अधिक खेदजनक होय.

नियमामागे बळ होते. कान्होजींची गुराबे पुढच्या तोफांनी मारा करीत. गलबते वल्ह्यांवर चालत आणि वारा पडला तरी थांबत नसत. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्या आश्रयाने ती उथळ खाड्यांत शिरत आणि इंग्रजांची खोल बुडाची जहाजे बाहेर खोळंबून राहत. खुल्या समुद्रात मात्र मोठ्या तोफांच्या जहाजापुढे या आरमाराचा टिकाव लागणे कठीण होते. कान्होजींना ही मर्यादा ठाऊक असावी. त्यांनी हक्क सांगितला तो किनाऱ्यालगतच्या पाण्यावर, महासागरावर नव्हे.

घरचे भांडणही याच वेळी मिटले. शाहू आणि ताराबाई यांच्या वादात कान्होजी ताराबाईंच्या बाजूस होते. १७१३ मध्ये शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेले आणि स्वतःच कैद झाले. मग बाळाजी विश्वनाथ पुढे आले. ते श्रीवर्धनचे, कोकणची नस जाणणारे. त्यांनी तलवारीऐवजी बोलणी केली; पिंगळे सुटले, शाहूंची सत्ता मान्य झाली, आणि किल्ले व सरखेली कान्होजींकडे कायम राहिली. पेशवाईच्या आरंभीचा हा समेट दिल्लीच्या सनदांइतका गाजला नाही. त्याचे मोल मात्र कमी नव्हते.

इंग्रजांशी तसा समेट टिकला नाही. १७१२ च्या अखेरीस मुंबईच्या गव्हर्नरची नौका कान्होजींच्या हाती पडली. तीतील कारवारच्या वखारीचा प्रमुख लढाईत मारला गेला, त्याची पत्नी कैद झाली आणि पुढे ३०,००० रुपये खंडणी घेऊन सोडली गेली. तहही झाला; कंपनीची जहाजे न अडविण्याचे कान्होजींनी मान्य केले. पण कंपनीचे जहाज म्हणजे कोणते? मुंबईचे खाजगी व्यापारी आपल्या जहाजांवर इंग्रजी निशाण लावून दस्तकाचे मोल चुकवू लागले. जहाज एकाचे, माल दुसऱ्याचा, निशाण तिसऱ्याचे, असा हा घोळ होता. तो आजही संपलेला नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ज्या दोन जहाजांची टक्कर झाली, त्यांपैकी एमएससी चित्रा या जहाजावर पनामाचा झेंडा होता. तेल मात्र सांडले ते आपल्या पाण्यात, आणि धग लागली ती येथल्या कोळ्यांना. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवरील भारताचा हक्क १९७६ च्या कायद्याने लिहिला गेला आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात जगाने तेवढी हद्द मान्य केली. निरुपद्रवी जहाजाला वाट द्यावी, पण नियम किनाऱ्याच्या धन्याचा चालावा, अशी ती व्यवस्था आहे. कान्होजींच्या काळी असा करार नव्हता. प्रत्येकाचा परवाना दुसऱ्याच्या नजरेत लूट ठरे आणि मधल्या मध्ये भरडला जाई तो व्यापारी. त्या हालांत कान्होजींचाही वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गव्हर्नर बून याने मग बळाचा मार्ग धरला. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. तिन्ही वेळा हात हलवीत परतावे लागले. १७२१ च्या अखेरीस इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे आणि गोव्याहून जातीने आलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय मिळून कुलाब्यावर चालून आले. बाजीरावांची फौज मदतीस धावली. दोन्ही मित्रांत बेबनाव झाला, आणि १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून अंग काढून घेतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. मागे मुलांत फूट पडली. सरखेली एकीकडे, कुलाबा दुसरीकडे अशी वाटणी झाली. धाकटे तुळाजी पेशव्यांना जुमानीनात आणि नानासाहेबांनी त्यांच्या पारिपत्यासाठी इंग्रजांचीच मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गासमोर उभे राहिले तेव्हा जमिनीच्या बाजूस पेशव्यांची फौज होती. किल्ल्याच्या आश्रयाला बांधून ठेवलेले आंग्र्यांचे आरमार त्या माऱ्यात एकाला लागून एक पेटत जळाले. कान्होजींनी ज्यांना तीन वेळा परतविले, त्यांच्यापुढे किनारा मोकळा झाला तो असा, घरच्याच हातांनी.