देवीची लस टोचणारा डॉक्टर मुंबई इलाख्याचा पहिला वनाधिकारी झाला होता

शिरूर लोकसभा मतदारसंघातल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ हिवरे नावाचं गाव आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथल्या सरकारी बागेत इंग्रजांच्या सैन्यासाठी औषधी वनस्पती पिकवल्या जायच्या. ती बाग सांभाळणाऱ्या माणसाचं नाव अलेक्झांडर गिब्सन.

गिब्सन मूळचा स्कॉटलंडचा, जन्म १८०० सालचा. ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर म्हणून तो भारतात आला. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्यासाठी गावोगाव फिरताना मराठी, हिंदुस्थानी, गुजराती शिकला आणि झाडांचा नाद लागला.

१८३८ मध्ये त्याला दापुरीची, म्हणजे आजच्या दापोडीची सरकारी वनस्पती बाग मिळाली. हिवऱ्याची बागही त्याच्याच देखरेखीखाली होती. दापुरीत देशी झाडांसोबत परदेशातून आणलेली झाडंही वाढवली जायची. १८४७ ते १८५० या काळात त्याने एका चित्रकाराकडून या झाडांची चित्रं काढून घेतली. अशी सुमारे १७० चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकार इथलाच, बहुधा इंडो-पोर्तुगीज होता. त्याचं नाव मात्र कुणीच लिहून ठेवलं नाही.

त्या काळी जहाजांसाठी सागवान बेसुमार तोडला जात होता. कोकणात डोंगर उघडे पडले की ओढे आटतात, हे गिब्सनने सरकारला कळवलं. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. अख्ख्या देशाचं वनखातं उभं राहिलं ते त्यानंतर १७ वर्षांनी.

पण याला दुसरी बाजूही आहे. जंगल वाचवायचं म्हणून डोंगर जाळून केल्या जाणाऱ्या कुमरी शेतीवर बंधनं आली. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगणाऱ्या लोकांना त्याचा फटका बसला.

१८६० मध्ये गिब्सन निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी डॅल्झेलसोबत लिहिलेलं ‘बॉम्बे फ्लोरा’ हे पुस्तक आलं. १८६७ मध्ये तो वारला. पश्चिम घाटातल्या ‘हॅबेनेरिया गिबसोनी’ या आमरीला त्याचंच नाव आहे.

दापुरीची बाग १८६० च्या दशकात बंद पडली. तिच्या जागी १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवी बाग उभी राहिली. महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे असलेली ही बाग आता जैवविविधता वारसा स्थळ आहे. पुण्यात राहून कधी गेला नसाल, तर एकदा नक्की जाऊन या.