मेरी मॅककिलप
मेरी हेलन मॅककिलप (१५ जानेवारी, १८४२:मेलबर्न, ऑस्ट्रेलिया - ८ ऑगस्ट, १९०९:नॉर्थ सिडनी, ऑस्ट्रेलिया) या गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या कॅथोलिक धर्मभगिनी होत्या. संतपद मिळालेल्या त्या पहिल्या ऑस्ट्रेलियन व्यक्ती होत.

त्यांचे आईवडील स्कॉटलंडहून आलेले होते. १८६६ मध्ये फादर ज्युलियन टेनिसन-वूड्स यांच्या सहकार्याने मेरी यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील पेनोला येथे एका जुन्या तबेल्यात शाळा सुरू केली. फी देऊ न शकणाऱ्या मुलांनाही तेथे धर्मशिक्षणाबरोबर लेखन, वाचन व गणित शिकवले जाई. यातूनच सेंट जोसेफ भगिनी संघ उभा राहिला. या भगिनी दोघी-तिघींच्या गटाने, वस्तीतल्या साध्या घरांत राहत.

संघाचा कारभार स्थानिक बिशपांऐवजी संघप्रमुख भगिनीकडे असावा, असा मेरी यांचा आग्रह होता. सप्टेंबर १८७१ मध्ये ॲडलेडचे बिशप लॉरेन्स शील यांनी अवज्ञेचा ठपका ठेवून त्यांना चर्चमधून बहिष्कृत केले. त्यामुळे संघाच्या बहुतेक शाळा बंद पडल्या. फेब्रुवारी १८७२ मध्ये, मृत्यूपूर्वी काही दिवस, शील यांनी हा बहिष्कार मागे घेतला. पुढे १८८८ मध्ये रोमने संघाच्या स्वतंत्र कारभारास अंतिम मान्यता दिली.

१७ ऑक्टोबर, २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मेरी यांना संत घोषित केले.