ऑग्युस्त केर्कहॉफ्स

ऑग्युस्त केर्कहॉफ्स (१९ जानेवारी, इ.स. १८३५ - ९ ऑगस्ट, इ.स. १९०३) हे नेदरलँड्समध्ये जन्मलेले भाषातज्ज्ञ, शिक्षक आणि कूटलेखनशास्त्राचे अभ्यासक होते. कूटलेखनाची पद्धत शत्रूला पूर्णपणे ठाऊक झाली तरी, किल्ली गुप्त आहे तोवर संदेश सुरक्षित राहिला पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन 'केर्कहॉफ्सचे तत्त्व' म्हणून ओळखले जाते. संकेतस्थळांवर पासवर्डच्या आधारे माहिती कूटबद्ध करण्याची आजची रीत याच तत्त्वावर उभी आहे.

जीवन

केर्कहॉफ्स यांचा जन्म लिम्बुर्ख प्रांतातील नुथ या गावी झाला. त्यांचे उच्च शिक्षण बेल्जियममधील लीज विद्यापीठात झाले. पुढे ते फ्रान्समध्ये स्थायिक झाले. मलँ येथे त्यांनी अनेक वर्षे भाषा शिकवल्या आणि नंतर पॅरिसमधील उच्च वाणिज्य शिक्षणसंस्थेत ते जर्मन भाषेचे प्राध्यापक झाले.

लष्करी कूटलेखन

इ.स. १८७०-७१च्या युद्धात प्रशियाकडून पराभव झाल्यानंतर फ्रान्समध्ये लष्करी सुधारणांचा विचार सुरू झाला. तारायंत्रामुळे दूरवरच्या तुकड्यांना थेट आदेश पाठवणे शक्य झाले होते. मात्र ते आदेश अनेकांच्या हातांतून जात आणि वाटेत टिपलेही जात. या पार्श्वभूमीवर केर्कहॉफ्स यांचा लष्करी कूटलेखनावरील प्रबंध इ.स. १८८३च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला.

त्यात त्यांनी चांगल्या पद्धतीसाठी सहा अटी घातल्या:

१. पद्धत गणिती दृष्ट्या नसली तरी व्यवहारात अभेद्य असावी.
२. पद्धत गुप्त ठेवण्याची गरज नसावी. ती शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येऊ नये.
३. किल्ली लिहून न ठेवता लक्षात राहावी, दुसऱ्याला कळवता यावी आणि हवी तेव्हा बदलता यावी.
४. ती तारसंदेशांसाठी वापरता यावी.
५. साधन सहज नेता यावे व एकट्या माणसाला हाताळता यावे.
६. वापर सोपा असावा. नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागू नये.

यांतील दुसरी अट सर्वांत महत्त्वाची ठरली. संपूर्ण सैन्य वापरत असलेली पद्धत फार काळ गुप्त राहू शकत नाही. एखादा अधिकारी पकडला गेला, तर सर्व सैन्याला नवी पद्धत शिकवावी लागते. किल्ली फुटली तर मात्र ती बदलली की काम भागते. एकाच किल्लीने लिहिलेले अनेक संदेश एकाखाली एक मांडून त्यांची उकल करण्याची रीतही त्यांनी याच प्रबंधात दाखवली.

वोलाप्यूक

जर्मन धर्मगुरू योहान मार्टिन श्लायर यांनी निर्माण केलेल्या वोलाप्यूक या कृत्रिम भाषेचे केर्कहॉफ्स हे प्रमुख प्रसारक होते. इ.स. १८८७मध्ये म्यूनिक येथील परिषदेत स्थापन झालेल्या अकादमीचे ते संचालक झाले. भाषा सोपी करावी असे त्यांचे मत होते, तर अंतिम अधिकार आपल्याकडेच असावा असा श्लायर यांचा आग्रह होता. या मतभेदांनंतर केर्कहॉफ्स चळवळीतून बाहेर पडले आणि वोलाप्यूकचा प्रभावही ओसरला.

प्रभाव

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी इ.स. १९४९मधील आपल्या शोधनिबंधात शत्रूला पद्धत माहीत आहे असेच गृहीत धरले. इ.स. २००१मध्ये अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारलेली 'एईएस' ही पद्धत खुल्या स्पर्धेतून निवडली गेली आणि तिचा सर्व तपशील प्रसिद्ध आहे.

संकेतस्थळ तयार करताना पासवर्ड थेट किल्ली म्हणून वापरत नाहीत, कारण माणसाला लक्षात राहणारा शब्द बहुधा अंदाजाने ओळखता येतो. पासवर्डला 'सॉल्ट' नावाचा यादृच्छिक मजकूर जोडून, त्यावर हजारो वेळा गणिती प्रक्रिया करून किल्ली तयार केली जाते. सॉल्ट व आवर्तनांची संख्या कूटबद्ध माहितीसोबत उघडपणे साठवता येते. गुप्त राहावा लागतो तो पासवर्ड. याउलट, ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये लिहिलेली किल्ली कोणालाही वाचता येत असल्याने ती किल्ली राहतच नाही. लक्षात राहील आणि तरीही ओळखता येणार नाही अशी किल्ली कशी निवडावी, हा केर्कहॉफ्स यांच्या तिसऱ्या अटीतील प्रश्न आजही पासवर्ड निवडणाऱ्या प्रत्येकासमोर आहे.