ठिपक्यांना नाव देणारे बटलरसाहेब

हळदीच्या पानावर ठिपका दिसला की आपण म्हणतो करपा. उसावर दिसला तरी करपा, भुईमुगावर दिसला तरी करपाच. पंचनाम्याच्या कागदावरही पुष्कळदा तेवढाच शब्द असतो. मग दुकानात जाऊन करप्याचं औषध मागायचं आणि दुकानदार देईल ते मारायचं. आधी बुरशी ओळखा, ती राहते कुठं ते शोधा, उपाय त्यानंतर, ही शिस्त आपल्या देशात ज्यांनी रुजवली ते मुळात माणसांचे डॉक्टर होते. नाव एडविन जॉन बटलर.

बटलरसाहेबांचा जन्म १३ ऑगस्ट १८७४ रोजी आयर्लंडमधल्या किल्की गावी झाला. कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते डॉक्टरकी शिकले, १८९८ साली पदवीही मिळाली. पण तिथल्या मार्कस हार्टोग या प्राध्यापकांनी त्यांना पाण्यात वाढणाऱ्या बुरशींचा नाद लावला आणि डॉक्टरकी मागं पडली. पॅरिस, फ्रायबर्ग, लंडनजवळचं क्यू असं फिरून त्यांनी बुरशीचाच अभ्यास केला. १९०० साली कलकत्त्याजवळच्या शिवपूरच्या वनस्पती उद्यानात त्यांची सरकारी नेमणूक झाली. पुढं बिहारमधल्या पुसा इथं शेती संशोधन संस्था निघाली, तिथं १९०५ पासून ते बुरशीशास्त्रज्ञ म्हणून काम पाहू लागले.

रोगट पानं गोळा करायची, दाबून सुकवायची, पाकिटात ठेवायची आणि वर पीक, गाव, तारीख लिहायची. वरवर पाहता कारकुनी काम, पण ओळख पटवायची तर जुना नमुना शेजारी ठेवून ताडून बघावा लागतो. १९३४ च्या भूकंपात पुशाची इमारत गेली, १९३६ साली संस्था दिल्लीला हलली. बटलरसाहेबांनी सुरू केलेला हा संग्रह आजही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आहे.

१९०६ साली त्यांनी उसाच्या रोगांवर लिहिलं. पावसाळ्यात आपल्याकडं उसाच्या पानावर पिवळी कडा असलेले लांबट तांबूस ठिपके येतात, त्या बुरशीचं सर्कोस्पोरा लाँजिपेस हे नाव त्यांनीच दिलेलं. ऊस लाल पडून कुजण्याचा रोग बेण्यातून पसरतो, म्हणून निरोगी बेणं निवडा, असंही त्यांनी त्यात बजावलं होतं.

त्यांचं खरं कसब दिसतं ते तुरीच्या मर रोगात. उभं झाड वाळतं, खोड सोललं तर आत काळपट पट्टा दिसतो. मेलेल्या झाडाच्या बुडाशी एक बुरशी हमखास सापडायची. अमेरिकेत कपाशी आणि कलिंगडाच्या मर रोगाचा ठपका तिच्यावरच ठेवलेला होता, तेव्हा इथंही तीच दोषी असणार असा समज होता. बटलरसाहेबांनी ती वेगळी वाढवून निरोगी तुरीला लावून पाहिली. रोग होईना. ती नुसती मेलेल्या मुळांवर जगणारी निघाली. खरी गुन्हेगार खोडाच्या आत पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसलेली दुसरीच होती. १९१० साली त्यांनी तिचं नाव ठेवलं फ्युजेरियम उडम. विट्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपले गलाई बांधव देशभर सोनं-चांदी गाळतात, ते नुसत्या झळाळीवर सोनं ओळखत नाहीत, कस बघतात.

आणि यातनं पैशाचाही हिशेब निघतो. ही बुरशी जमिनीत राहते, म्हणजे वरून पंप मारणं हा खर्च वाया. पीक फेरपालट, ज्वारीसोबत तूर आणि बीएसएमआर ७३६ सारखा मर सोसणारा वाण, उपाय इथं आहे.

त्यांच्या हाताखाली पुशाला जहांगीर दस्तूर हे पारशी तरुण तयार झाले. पुढं नागपूरला राहून त्यांनी मध्य प्रांतातल्या पिकांचे रोग अभ्यासले. बटलरसाहेबांचा पिकांवरच्या बुरशींचा जाडजूड ग्रंथ १९१८ साली निघाला. १९२० साली ते क्यूला नव्या बुरशीशास्त्र संस्थेचे प्रमुख म्हणून गेले आणि १९३५ पर्यंत ती सांभाळली. १९३९ साली त्यांना सर हा किताब मिळाला, ४ एप्रिल १९४३ रोजी ते वारले.

आता हळदीकडं या. कडेगाव, पलूस, मिरज भागातल्या हळदीवर दोन ठिपके येतात आणि दोन्हींच्या शास्त्रीय नावाशी बटलरसाहेबांचं नाव जोडलेलं आहे. पहिली बुरशी टॅफ्रिना मॅक्युलन्स, तिला त्यांनी १९११ साली नाव दिलं. तिचे ठिपके बारीक, एक-दोन मिलिमीटरचे, शिरांच्या ओळीनं दाट येतात. आधी मळकट पिवळे, मग तांबूस, आणि एकात एक मिसळून पान भाजल्यासारखं दिसतं. दुसरी कोलेटोट्रिकम कॅप्सिसी. १९३१ साली बिस्बी यांच्यासोबत लिहिलेल्या भारतातल्या बुरशींच्या यादीत त्यांनी तिला या नावाखाली आणलं. (शास्त्रज्ञ आता तिला कोलेटोट्रिकम ट्रंकॅटम म्हणतात.) तिचा ठिपका मोठा, लांबट, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. मधल्या भागात काळे टिंब गोल गोल वर्तुळात बसलेले असतात, ते साध्या भिंगानंही दिसतात. पुढं तो भाग पातळ होऊन फाटतो.

फरक कळून करायचं काय? पहिली गळालेल्या पाल्यावर टिकते, म्हणून पाला रानातनं बाहेर काढून नष्ट करावा. दुसरी पाल्यावर राहतेच, शिवाय गड्ड्याच्या सालपटावर बसून बेण्यातून पुढच्या वर्षी येते. तिथं बेणं निवडणं आणि बेणेप्रक्रिया चुकवून चालत नाही. ही दुसरी बुरशी मिरचीवरही येते, फांद्या वाळवते, फळं सडवते. हळदीत मिरचीचं आंतरपीक घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शंका वाटली तर अर्धं निरोगी, अर्धं रोगट असं ताजं पान घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम सुटून ते कुजतं. जुन्या वर्तमानपत्रात सपाट दाबा, वर गाव, वाण, लागणीची तारीख आणि ठिपका पहिल्यांदा कधी दिसला ते लिहा आणि कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवा. तिथं हळदीवर काम चालतं.