विश्लेषण : हम्फ्री बोगार्ट यांची अखेरची झुंज… अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर श्वास आणि पोषण इतके निर्णायक का?

हॉलीवूड अभिनेते हम्फ्री बोगार्ट यांचे १४ जानेवारी १९५७ रोजी अन्ननलिकेच्या कर्करोगाने निधन झाले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. दहा महिन्यांपूर्वीच त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली होती. तरीही अखेरीस त्यांचे वजन सुमारे ३६ किलोंवर आले होते.

बोगार्ट कोण होते?

२५ डिसेंबर १८९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. नौदलातील सेवेनंतर ते रंगभूमीवर आणि मग चित्रपटांत आले. ‘कॅसाब्लांका’ने (१९४२) त्यांना जगभर नेले, तर ‘द आफ्रिकन क्वीन’ने ऑस्कर मिळवून दिले. ओठांतली सिगारेट ही त्यांची पडद्यावरची ओळख. प्रत्यक्षातही धूम्रपान आणि मद्यपान भरपूर होते. अन्ननलिकेच्या कर्करोगाची हीच दोन मोठी कारणे आहेत.

निदान उशिरा का?

अन्ननलिका लवचीक असल्याने ती बरीच अरुंद होईपर्यंत गिळताना अडत नाही. बोगार्ट यांनीही खोकला आणि खाताना होणारा त्रास अंगावर काढला. १ मार्च १९५६ रोजी त्यांची अन्ननलिका, दोन लसिका ग्रंथी आणि एक बरगडी काढण्यात आली.

श्वासाला धोका कशामुळे?

या शस्त्रक्रियेत सहसा पोट आणि छाती दोन्ही उघडतात. जखम दुखत असल्याने रुग्ण खोल श्वास घेत नाही, जोराने खोकत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका अधिक. त्यामुळे आता आधीच धूम्रपान सोडायला लावतात. नंतर नेमके वेदनाशमन, श्वसनाचे व्यायाम आणि लवकर चालवणे यांवर भर असतो.

पोषणाचा श्वासाशी संबंध काय?

शस्त्रक्रियेच्या ताणाने रक्तातील साखर वाढते, स्नायू झिजतात. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम घसरते. हृदय आणि श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. म्हणून लहान आतड्यात नळी घालून आहार हळूहळू वाढवतात आणि रक्ततपासण्या करत राहतात.

बोगार्ट यांचे अखेरचे दिवस कसे होते?

कर्करोग पसरला होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. जिना उतरण्याचे त्राण उरले नाही, तेव्हा घरातील सामान वरखाली नेणाऱ्या छोट्या लिफ्टमधून ते खाली येत आणि चाकाच्या खुर्चीत बसून मित्रांना भेटत. पत्नी लॉरेन बकॉल आणि दोन लहान मुले मागे ठेवून ते गेले.