पित्ताच्या मागे लागलेला माणूस

रात्रभर जागरण, सकाळी उपाशीपोटी दोन कटिंग आणि मग दिवसभर एकच वाक्य, ‘पित्त झालंय यार!’ तुमच्याही तोंडी हे असतंच ना? पण आपण ज्याला पित्त म्हणतो ती बहुतेक वेळा पोटातली अ‍ॅसिडिटी असते. खरं पित्त वेगळंच. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि तुम्ही तेलकट वडापाव खाल्लात की आतड्यात उतरून त्यातलं तेल पचवायला मदत करतं. या कडू, हिरवट-पिवळ्या रसात नेमकं काय आहे, हे शोधण्यात एका माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. त्याचं नाव हाइनरिक वीलांड.

जर्मनीतल्या फोर्ट्सहाइम गावी 4 जून 1877 रोजी त्याचा जन्म झाला. वडीलही रसायनतज्ज्ञच. 1901 मध्ये म्युनिकला डॉक्टरेट झाली आणि 1912 च्या सुमारास तो पित्ताकडे वळला. आज मशीनमध्ये नमुना टाकला की रेणूचा पत्ता लागतो. तेव्हा तसलं काही नव्हतं. बैलाच्या पित्तातून आम्लं वेगळी काढायची, एकेक तुकडा तोडायचा आणि तुकड्यांवरून मूळ रेणू कसा असेल याचा अंदाज बांधायचा. चित्र न बघता जिगसॉ पझल जुळवण्यासारखंच हे काम!

मधे पहिलं महायुद्ध आलं. 1917-18 मध्ये वीलांड बर्लिनजवळच्या डालेम इथल्या संस्थेत विषारी वायूंच्या संशोधनात होता. त्याच्या आयुष्याचं हे पान काळंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

युद्धानंतर तो पुन्हा पित्ताकडे आला. 1919 मध्ये त्याचा मित्र आडोल्फ विंडाउस याने कोलेस्टेरॉलपासून असं एक आम्ल बनवून दाखवलं, जे वीलांडला पित्ताम्लांपासून मिळालं होतं. म्हणजे कोलेस्टेरॉल आणि पित्ताम्लं एकाच घराण्यातली! आज आपल्याला माहीत आहे की यकृत कोलेस्टेरॉलपासूनच पित्ताम्लं बनवतं. या कामासाठी वीलांडला 1927 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते प्रत्यक्षात 1928 मध्ये जाहीर झालं, त्याच वर्षीचं नोबेल विंडाउसला मिळालं.

आता ट्विस्ट ऐका. ज्या रचनेसाठी नोबेल मिळालं, ती चुकीची निघाली. 1932 मध्ये जे. डी. बर्नल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याच घराण्यातल्या रेणूंवर क्ष-किरण टाकले. रेणू लांबट आणि चपटा दिसला, वीलांडच्या रचनेत तो बसेचना. लंडनच्या रोझेनहाइम आणि किंग यांनी नवी रचना सुचवली. नोबेल मिळालेल्या माणसाने काय केलं असेल? अडून बसला? नाही. त्याच वर्षी एलिझाबेथ डाने या सहकारी संशोधिकेबरोबर वीलांडने स्वतःच दुरुस्त रचना मांडली. आपली एक कमेंट चुकली तरी आपण किती वाद घालतो, आठवा जरा.

पण त्याची खरी परीक्षा अजून पुढे होती. 1925 पासून तो म्युनिकमध्ये प्राध्यापक होता. त्याच्या आधी त्या खुर्चीवर रिखार्ड व्हिलश्टेटर होते. ते ज्यू होते आणि विद्यापीठातल्या ज्यूद्वेषाचा निषेध म्हणून त्यांनी राजीनामा दिला होता. पुढे हिटलरचं राज्य आलं. ज्यांचे आई किंवा वडील ज्यू, अशा मुलांना विद्यापीठाची दारं बंद होऊ लागली. वीलांडने अशा काही विद्यार्थ्यांना आपले ‘पाहुणे’ म्हणून प्रयोगशाळेत ठेवून घेतलं.

त्यांतलाच एक हान्स लायपेल्ट. त्याची आई ज्यू घराण्यातली. ‘व्हाइट रोझ’ या हिटलरविरोधी विद्यार्थी गटाचं शेवटचं पत्रक त्याने आणि त्याची मैत्रीण मारी-लुइझे यान हिने पुन्हा टाइप करून वाटलं. 1943 मध्ये दोघांना अटक झाली. ऑक्टोबर 1944 मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा सदुसष्ट वर्षांचा वीलांड आपल्या विद्यार्थ्यांच्या बाजूने साक्ष द्यायला गेला. त्या काळात हे किती धोक्याचं होतं, वेगळं सांगायला नको. लायपेल्ट वाचला नाही. 29 जानेवारी 1945 रोजी त्याला मृत्युदंड दिला गेला. तो तेवीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा. यानला बारा वर्षांची शिक्षा झाली, पण ती जगली.

वीलांड 5 ऑगस्ट 1957 रोजी गेला. त्याचा विद्यार्थी आणि जावई फिओडोर ल्युनेन याला 1964 मध्ये कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

आणि पित्ताची गोष्ट? ती अजून चालूच आहे. पित्ताम्लं फक्त तेल पचवतात, असंच बराच काळ वाटत होतं. 1999 मध्ये कळलं की ती निरोपही पोहोचवतात. पेशीतला ‘एफएक्सआर’ हा रिसेप्टर म्हणजे कुलूप समजा आणि पित्ताम्ल म्हणजे त्याची किल्ली. पित्ताम्लं वाढली की हे कुलूप उघडतं आणि यकृताला निरोप जातो, बास, आता नवीन बनवू नकोस. काही वर्षांतच ‘टीजीआर5’ हा दुसरा रिसेप्टर सापडला. तो आतड्यातून जीएलपी-1 हे हार्मोन सोडायला लावतो. हो, वजन कमी करायच्या ज्या इंजेक्शनांची सध्या इतकी चर्चा आहे, ती याच हार्मोनची नक्कल करतात. म्हणूनच फॅटी लिव्हर, मधुमेह आणि यकृतातल्या पित्तनलिकांच्या आजारांवर औषधं शोधणारे आज या रिसेप्टर्सच्या मागे आहेत.

किल्लीचा आकार ठाऊक नसता, तर कुलूप शोधणं केवढं अवघड झालं असतं! तो आकार शोधायची सुरुवात वीलांडने केली, चुकला आणि चूक सुधारून मोकळा झाला. तेव्हा पुढच्या वेळी ‘पित्त खवळलं’ म्हणाल, तेव्हा या माणसाची आठवण काढा. आणि उपाशीपोटी चहा जरा कमी करा!